गोरिंगच्या नदीकाठच्या आणि टेकड्यांवरच्या पायवाटा : नवख्यांसाठी मार्गदर्शन

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून पश्चिमेकडे जाणारी, लहान स्थानकांवर थांबणारी गाडी रेडिंग सोडल्यानंतर थेम्स नदीच्या सोबतीने धावू लागते आणि टाइलहर्स्ट व पँगबर्न ही स्थानके मागे टाकून गोरिंग अँड स्ट्रीटली या छोट्या स्थानकावर येते. नदीच्या पूर्वेकडचे गोरिंग हे ऑक्सफर्डशायरमधले गाव, तर समोरच्या काठावरचे स्ट्रीटली बार्कशायरमधले. पूर्वेच्या चिल्टर्न टेकड्या आणि पश्चिमेची बार्कशायरची माळराने यांच्यामधून नदीने जी अरुंद वाट काढली आहे तिला गोरिंग गॅप म्हणतात, आणि ही दोन्ही गावे नेमकी त्या खिंडीत वसली आहेत. रेडिंग, स्लाव आणि लंडनच्या पश्चिम भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मोटारीशिवाय, एका दिवसात, इंग्लंडच्या ग्रामीण भागातली पहिली पायपीट करायची असेल, तर माझ्या मते याहून सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही.

नवखे लोक बहुधा आपली सारी तयारी बूट आणि जाकिटे यांवरच खर्च करतात. ती खरेदी आवश्यक असली तरी दुय्यम आहे. या देशातले चालणे ज्या गोष्टीवर उभे आहे ती म्हणजे पायवाटेवरचा सार्वजनिक हक्क, आणि तो नकाशावर व जमिनीवर कसा ओळखायचा हे कळले की उरलेल्या अडचणी लहान होतात. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

आधी वाटेचा हक्क समजून घ्यावा

इंग्लंडमधली शेते, कुरणे आणि पुष्कळशी जंगलेही खासगी मालकीची असतात; परंतु त्यांच्यामधून जाणाऱ्या हजारो जुन्या वाटांवरून चालण्याचा हक्क कोणालाही असतो. 1949 च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेशासंबंधीच्या कायद्याने अशा वाटांची अधिकृत नोंद करण्याचे काम परगण्यांच्या प्रशासनावर सोपवले, आणि तेव्हापासून तयार झालेल्या अधिकृत नकाशांमध्ये दाखवलेली वाट जमीनमालकाला स्वतःच्या मर्जीने बंद करता येत नाही. शेतकऱ्याने शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली, तर साधारणपणे चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणे त्याला बंधनकारक असते. तेव्हा गव्हाच्या उभ्या पिकातून एक चिंचोळी पट्टी पुढे जाताना दिसली, तर संकोच करू नये, मात्र त्या पट्टीच्या बाहेर पाऊल टाकू नये. हक्क वाटेवर आहे, शेतावर नाही.

जमिनीवर ही वाट ओळखण्यासाठी फाटकांच्या आणि कुंपणांच्या खांबांवर बाण लावलेले असतात. पिवळा बाण केवळ पायी चालणाऱ्यांची वाट दाखवतो. निळा बाण असलेल्या वाटेवरून घोडेस्वार आणि सायकलस्वारही जाऊ शकतात. जांभळ्या बाणाच्या वाटेवर घोडागाड्यांनाही परवानगी असते आणि लाल बाणाच्या वाटेवर मोटारींनाही मज्जाव नसतो. याखेरीज ओकच्या फळाचे, म्हणजे एकॉर्नचे, चिन्ह दिसले तर आपण राष्ट्रीय पदभ्रमण मार्गावर आहोत असे समजावे. गोरिंगमध्ये असे दोन मार्ग एकत्र येतात. पहिला थेम्स पाथ, जो 1996 साली खुला झाला आणि नदीच्या उगमापासून लंडनपर्यंत सुमारे 294 किलोमीटर येतो. दुसरा रिजवे, जो 1973 साली खुला झाला आणि एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिन्हो बीकनपर्यंत सुमारे 139 किलोमीटर जातो. दोघांचा छेद गोरिंगच्या पुलापाशी होत असल्याने या गावात खुणांची कमतरता भासत नाही, आणि नवख्यांसाठी गोरिंग निवडण्याचे हेही एक कारण आहे.

मग नकाशा

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला 171 क्रमांकाचा नकाशा घ्यावा, म्हणजे गोरिंग आणि पूर्वेकडच्या चिल्टर्न टेकड्यांचा भाग हाताशी येतो. ही मालिका 1:25,000 प्रमाणाची आहे, म्हणजे नकाशावरचे चार सेंटीमीटर हे जमिनीवरचा एक किलोमीटर असतात, आणि नकाशावर आखलेला प्रत्येक निळा चौकोन एक किलोमीटर बाजूचा असतो. हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे पायी वाटा, हिरव्या लांब तुटक रेषा म्हणजे घोडेस्वारांसाठीच्याही वाटा. काळ्या तुटक रेषांकडे मात्र सावधपणे पाहावे, कारण त्या जमिनीवर वाट आहे एवढेच सांगतात, तिच्यावर आपला हक्क आहे असे सांगत नाहीत. नवखे लोक सर्वांत जास्त फसतात ते याच ठिकाणी. मोबाइलवरचे शहरी नकाशे या फरकाची दखलच घेत नाहीत आणि एखाद्या शेतघराच्या खासगी अंगणात नेऊन सोडतात. म्हणून मोबाइल वापरायचाच असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचेच ॲप वापरावे, नकाशा घरीच उतरवून ठेवावा आणि कागदी नकाशाही पिशवीत असू द्यावा. नदीकाठच्या झाडीत मोबाइलचा सिग्नल भरवशाचा नसतो.

दिवस, वेळ आणि पोशाख

वेळेचा हिशेब करताना आपल्या सिंहगडाच्या किंवा राजमाचीच्या वाटांचा अनुभव थोडा बाजूला ठेवावा. सपाट वाटेवर ताशी पाच किलोमीटर आणि चढाच्या प्रत्येक 600 मीटरला आणखी एक तास, असा जुना ठोकताळा इथे वापरतात. पण मुले आणि डबे बरोबर असतील तर ताशी तीन किलोमीटर धरणे शहाणपणाचे. इथे खरी अडचण चढाची नसून उजेडाची असते. जून महिन्यात रात्री नऊ वाजून गेल्यावरही लख्ख दिसते, परंतु डिसेंबरमध्ये चार वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे गेल्यावर दुपार एकदम आखडते. हिवाळ्यात निघायचे असेल तर सकाळची गाडीच धरावी.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेअखेरपर्यंतचा काळ पहिल्या फेरीसाठी उत्तम. बीच वृक्षांना कोवळी पालवी आलेली असते, जंगलाच्या तळाशी ब्लूबेलची निळी फुले पसरलेली असतात आणि चिखल बहुतेक वाळलेला असतो. जानेवारी ते मार्च या काळात मात्र नदीकाठच्या कुरणांत पाणी शिरते. पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे एन्व्हायरन्मेंट एजन्सीच्या, संकेतस्थळावर नदीची पातळी आणि पुराचे इशारे रोज दिसतात. पावसाळी आठवड्यानंतर ते न पाहता निघू नये. लॉकवर, म्हणजे होड्यांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या फाटकांच्या जागी, लाल फलक लावलेला असेल तर नदीचा प्रवाह जोरात आहे असा त्याचा अर्थ असतो. तो इशारा होड्यांसाठी असला तरी काठाने चालणाऱ्यालाही त्यावरून पुढच्या कुरणाचा अंदाज येतो.

घोटा झाकणारे, जलरोधक बूट, वारा आणि पाऊस अडवणारे जाकीट, लांब पँट आणि एक जास्तीची मोज्यांची जोडी एवढे पुरे. जीन्स टाळावी, कारण ती एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. लांब पँटचे कारण थंडी नसून नेटल ही झोंबरी वनस्पती आहे, जी उन्हाळ्यात वाटेच्या दोन्ही बाजूंनी कमरेएवढी वाढते.

पहिली फेरी : गोरिंग ते पँगबर्न

या फेरीचा मोठा फायदा असा की ती एका स्थानकावर सुरू होऊन त्याच मार्गावरच्या अलीकडच्या स्थानकावर संपते, त्यामुळे आल्या वाटेने परतण्याची गरज पडत नाही. तिकीट गोरिंगचे परतीचे काढावे आणि परत येताना पँगबर्नहून बसलो तर चालेल ना, हे खिडकीवर विचारून घ्यावे, बहुधा चालते. तीन ते नऊ जण एकत्र असतील तर गर्दीच्या वेळा सोडून ग्रुपसेव्ह या सवलतीत भाड्याचा तिसरा हिस्सा वाचतो. रविवारी रुळांची कामे निघतात आणि गाडीऐवजी बस धावते, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पाहावे.

स्थानकातून गावाच्या मुख्य रस्त्याने उताराकडे चालत गेले की दहाएक मिनिटांत नदीवरचा पूल लागतो. पुलाला लागूनच गोरिंग लॉक आणि बंधारा आहे. होडी लॉकमध्ये शिरते, फाटके बंद होतात, पाणी चढवले किंवा उतरवले जाते आणि होडी दुसऱ्या पातळीवर निघून जाते, हे मुलांना दाखवण्यासाठी इथे दहा-पंधरा मिनिटे जरूर थांबावे. पुढे ही संधी मिळत नाही. आजचा पूल 1923 सालचा आहे.

पूल न ओलांडता गोरिंगच्याच काठाने, प्रवाहाच्या दिशेने, थेम्स पाथच्या खुणा धराव्यात. सुरुवातीला उजवीकडे नदी आणि डावीकडे घरांच्या बागा, मग मोकळी कुरणे, आणि सुमारे दीड-दोन किलोमीटरवर विटांच्या कमानींचा रेल्वेपूल येतो. ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल याने बांधलेला हा गेटहॅम्प्टनचा पूल असून 1840 साली या भागात रेल्वे सुरू झाली तेव्हापासून तो वापरात आहे. आपण ज्या गाडीने आलो ती याच पुलावरून आली, हे खालून पाहताना लक्षात येते.

पुलापुढे थोड्याच अंतरावर वाट हळूहळू काठ सोडते आणि हार्ट्सलॉकच्या झाडीत चढू लागते. अनेकांना इथे वाट चुकल्यासारखे वाटते. वाट चुकलेली नसते. पूर्वी मालवाहू होड्या घोड्यांकडून ओढून नेल्या जात, आणि घोड्यांची ती वाट सोयीप्रमाणे कधी या काठाला तर कधी त्या काठाला असे. जिथे काठ बदलायचा तिथे घोड्यांना नावेतून पलीकडे नेत. गेटहॅम्प्टनलाही अशी नाव होती. पुढे या नावा बंद पडल्या, घोड्यांची वाट पलीकडच्या काठावर राहिली आणि आजच्या पदयात्रींना अशा जागी टेकडीवरून किंवा रस्त्यावरून वळसा घ्यावा लागतो. थेम्स पाथ मध्येच नदी का सोडतो या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ ठिकाणी हेच असते, आणि ते ठाऊक असले की एकॉर्नच्या खुणेवर विश्वास ठेवून पुढे जाता येते.

हार्ट्सलॉकचा हा टप्पा संपूर्ण फेरीतला सर्वांत सुंदर आणि सर्वांत दमवणारा आहे. खाली झाडांतून नदी चमकत राहते, वाट अरुंद आणि चढउतारांची होते, आणि मातीखालचा पांढरा चॉक, म्हणजे मऊ चुनखडक, पावसात साबणासारखा निसरडा होतो. लहान मुलांची ढकलगाडी इथे निरुपयोगी ठरते. बाजूच्या उतारावर स्थानिक वन्यजीव न्यासाने राखलेले गवताळ अभयारण्य असून मे महिन्यात तिथे मंकी ऑर्किड हे इंग्लंडमध्ये अत्यंत दुर्मीळ असलेले फूल उमलते. त्याचा आणि लेडी ऑर्किडचा नैसर्गिक संकरही तिथे पाहायला मिळतो. आखलेल्या वाटेवरूनच पाहावे, फोटोसाठी गवतात बसू नये, कारण न उमललेली रोपे पायाखाली येतात. मालकाच्या परवानगीवाचून रानटी रोप मुळासकट उपटणे हा या देशात गुन्हा आहे, मग ते ऑर्किड असो वा साधे प्रिमरोज.

इथेच मान वर करून आकाशही पाहावे. लांब पंखांचे, तांबूस आणि दुभंगलेल्या शेपटीचे पक्षी घिरट्या घालताना हमखास दिसतात. ही रेड काइट, आपल्याकडच्या घारीची जवळची नातलग. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडमधून नामशेष झाली होती. 1989 पासून काही वर्षे स्पेनमधून पक्षी आणून चिल्टर्न टेकड्यांत सोडण्यात आले आणि आता त्यांची संख्या इतकी वाढली आहे की उघड्यावर डबा खाताना पोळीवर लक्ष ठेवलेले बरे.

नदीपलीकडे बेसिल्डन पार्क हा वाडा आहे. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत अफाट संपत्ती मिळवलेल्या फ्रान्सिस साइक्सने तो 1776 पासून पुढच्या काही वर्षांत बांधून घेतला. आज तो नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे असून वेगळ्या दिवशी पाहता येतो.

झाडीतून बाहेर पडल्यावर वाट रुंद होते, शेतांमधून जाते आणि व्हिटचर्चच्या रस्त्याला मिळते. या रस्त्याने उतरताना जिथे पदपथ नाही तिथे उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, एकामागे एक चालावे. व्हिटचर्चचा पूल मोटारींकडून आजही पथकर घेतो. पायी जाणाऱ्याला तो लागत नाही. पूल ओलांडला की पँगबर्न येते. स्थानकापासून स्थानकापर्यंत ही फेरी सात-आठ किलोमीटरची आहे आणि सावकाश चालणाऱ्या कुटुंबाने तिला तीन तास द्यावेत.

गाई, गोचीड आणि पाणी

इंग्लंडच्या ग्रामीण भागात वाघ-बिबटे नसले तरी गाईंना कमी लेखू नये. वासरे बरोबर असलेल्या गाई अनोळखी माणसाला, आणि त्याहूनही कुत्र्याला, धोका समजतात. कळप वाटेवरच उभा असेल तर लांबून वळसा घालावा, गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नये, धावू नये, आणि बरोबर कुत्रा असून गाई अंगावर आल्या तर त्याची दोरी सोडून द्यावी; तो स्वतःला वाचवतो आणि गाई त्याच्यामागे जातात. वळूबाबतचा नियम असा, की ठरावीक दुधाळ जातींचे दहा महिन्यांवरील वळू सार्वजनिक वाट असलेल्या शेतात ठेवता येत नाहीत, परंतु मांसासाठी पाळलेल्या जातींचे वळू गाईंसोबत असतील तर ठेवता येतात. गाईला नमस्कार करण्याची, घास भरवण्याची आपली सवय इथे आवरावी; घोड्यांनाही आणलेले काही खायला घालू नये. फाटक जसे आढळले तसेच, म्हणजे बंद होते तर बंद आणि मुद्दाम उघडे बांधून ठेवले होते तर उघडे, सोडावे.

उंच गवतातून आल्यावर घरी अंगावर गोचीड तपासावी. ती आढळल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढून काढावी, तेल वा काडेपेटीचे उपाय करू नयेत. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरत जाणारा गोल चट्टा उठला तर लाइम रोगाची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवावे.

थेम्सचे पाणी शांत दिसते आणि भर उन्हाळ्यातही अनपेक्षितपणे थंड असते. अचानक थंड पाण्यात पडल्यास श्वास आवरत नाही आणि पट्टीचा पोहणाराही गडबडतो. बंधाऱ्याच्या आसपास पाण्यात उतरूच नये. कोणी पडलेच तर मागोमाग उडी न मारता काठावरचे तरंगते कडे किंवा दोरी फेकावी आणि 999 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. जागा सांगण्यासाठी नकाशाच्या चौकोनाचा क्रमांक उपयोगी पडतो, म्हणून तो वाचायला घरीच शिकून घ्यावे.

खाणेपिणे

घरचा डबा सर्वांत उत्तम, कारण हार्ट्सलॉकच्या वाटेवर काहीच मिळत नाही. पबमध्ये जायचे असेल तर दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. बऱ्याच ठिकाणी दुपारी अडीच-तीनच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होते आणि थेट संध्याकाळी उघडते. रविवारी तर आधी जागा राखून ठेवलेली बरी. दुसरे, मागणी बहुधा काउंटरवर जाऊन नोंदवायची असते. चिखलाचे बूट घेऊन आत यावे का, हे दारातच विचारावे. मद्य विकण्याचा परवाना असलेल्या जागेला गिऱ्हाइकाने मागितल्यास नळाचे पिण्याचे पाणी फुकट द्यावे लागते, तेव्हा बाटली भरून घेण्यात संकोच नको. वाटेत समोरून येणारा माणूस अभिवादन करील. त्याला तसेच उत्तर द्यावे, त्यापुढे संभाषण करण्याची अपेक्षा नसते.

पुढच्या फेऱ्या

वेळ कमी असेल तर गोरिंगचा पूल ओलांडून स्ट्रीटलीत जावे आणि गावाच्या वरच्या लार्डन चेस या नॅशनल ट्रस्टच्या टेकडीवर चढावे. चढ छोटा पण खडा आहे, आणि माथ्यावरून गोरिंग गॅपची सारी रचना एका नजरेत कळते. आजी-आजोबा बरोबर असतील तर गोरिंगहून उत्तरेकडे, नदीच्या पूर्वेकडून जाणारा रिजवे धरून साउथ स्टोकपर्यंत सपाटीने जावे आणि परत फिरावे. साउथ स्टोकपुढे वाट नदीला मिळते आणि ब्रुनेलच्याच मोल्सफर्डच्या रेल्वेपुलाखालून जाते. समोरच्या काठावर मोल्सफर्ड गावात थेम्स पाथ नदी सोडून मोटाररस्त्यावर जातो, आणि कारण तेच, बंद पडलेली नाव. त्यामुळे या टप्प्यावर थेम्सचा काठ थेम्स पाथपेक्षा रिजवेवरून अधिक चांगला पाहता येतो.

चालण्याची सवय झालेल्यांनी गोरिंगच्या पूर्वेला चिल्टर्न टेकड्यांत असलेल्या स्टोक रो या गावी जावे. चॉकच्या या टेकड्यांत पावसाचे पाणी झिरपून खोल जाते, आणि खाली थेम्स वाहत असूनही वरच्या गावांना पाण्याचे दुर्भिक्ष असे. जवळच्या इप्सडेन गावचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी असताना त्यांनी ही हकीकत काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. महाराजांनी खर्च दिला, 368 फूट खोल विहीर हातांनी खणली गेली आणि 1864 साली ती गावाला मिळाली. सोनेरी हत्ती मिरवणारी तिची घुमटी रस्त्यालगतच उभी आहे. गोरिंगहून पायी जाऊन परतायचे तर पूर्ण दिवस लागतो आणि जंगलात वाटांचे फाटे पुष्कळ फुटतात, म्हणून नकाशावाचनाचा सराव झाल्यावरच हा बेत करावा.

या सर्व वाटांवर कुठे फाटक मोडलेले, खुणेचा खांब पडलेला किंवा तारेने वाट अडवलेली आढळली, तर मालकाशी हुज्जत न घालता फोटो काढावा, नकाशाच्या चौकोनाचा क्रमांक टिपावा आणि परगण्याच्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. गोरिंगच्या काठासाठी ती ऑक्सफर्डशायर काउंटी कौन्सिलकडे, आणि स्ट्रीटलीच्या काठासाठी वेस्ट बार्कशायर कौन्सिलकडे करायची असते.